पोलादी नळ्यांची ऊब

ल्यूकन, डब्लिन
१२ ऑक्टोबर २०२४

मावशी,

नमस्कार करते आणि मुद्द्यावर येते, कारण तुला पाल्हाळ चालत नाही. रोज फोनवर बोलत असताना ही मेल कशाला, असं विचारशील. फोन करते तेव्हा आई शेजारीच बसलेली असते, आणि हे तिच्या कानावर जायला नको आहे.

आई नागपूरला परत जायचं म्हणतेय. भांडून नाही, रुसूनही नाही. जेवताना मीठ मागावं तसं म्हणते, "मार्चचं तिकीट बघून ठेवशील का गं?" बाबा गेल्यावर ती त्या फ्लॅटमध्ये एकटी राहिली आणि एकदा साखर उतरून स्वयंपाकघरात पडली, तेव्हा दार फोडायला माणसं तूच बोलावली होतीस. तिला पुन्हा तिथे एकटी ठेवायचं माझ्याच्याने होणार नाही. इथे राहायची तिची परवानगी मिळवताना सुश्रुतने आणि मी किती कार्यालयांचे उंबरे झिजवले ते आमचं आम्हाला माहीत.

जायचं कारण ती एकच सांगते, "पाय गार पडतात." बाकी कसली तक्रार नाही. जूनमध्ये आली तेव्हाही हेच म्हणत होती, आता तर ऑक्टोबर लागलाय. आमचं घर तसं जुनं. गॅसचा बॉयलर ठीक आहे, पण खोल्यांमधले रेडिएटर मूळचे, पत्र्याचे, आत गंजाचा गाळ बसलेला. वर हात लावला तर गरम, खाली लावला तर थंडगार. म्हणजे पायाशी ऊब पोचतच नाही.

म्हणून आम्ही सगळे रेडिएटर बदलायचं ठरवलंय. पोलादी नळ्यांचे मिळतात, उभ्या नळ्या ओळीने जोडलेल्या. पाय एकदा ऊबदार झाले की ती जायचं नाव काढणार नाही, याची मला खात्री आहे. तोवर कृपा करून फोनवर "ये परत" असं म्हणू नकोस. तुझं ती ऐकते.

तुझी देवयानी


नागपूर
१५ ऑक्टोबर

देवयानी,

आशीर्वाद आहेतच, सुश्रुतला आणि तन्वीलाही त्यातला वाटा दे.

"ये परत" म्हणायला मला काय वेड लागलंय? लीला इथे तीन गल्ल्या पलीकडे राहायची तेव्हा रोज संध्याकाळी चहावरून आमचं वाजायचं. आता भांडायला कुणी नाही, हे खरं. पण मला करमत नाही म्हणून धाकट्या बहिणीला बंद दाराआड एकटी राहू द्यायची, इतकी मी स्वार्थी झालेली नाही. लेकीजवळ आहे ती, तिथेच राहू दे.

तिच्या पायांचं मात्र फार मनावर घेऊ नकोस. ती पहिल्यापासून नखरेल. गेली दोन-तीन वर्षं इथे मे महिन्यात, अगं नागपूरच्या मे महिन्यात, कूलर बंद करून मोजे घालून बसायची. मी म्हणायचे, "लीले, मागच्या जन्मी हिमालयात साधू होतीस का?" ती हसायची आणि मोजे आणखी वर ओढायची.

आता शास्त्राचं बोलू. जन्मभर पोरींना पदार्थविज्ञान शिकवलंय, त्यामुळे प्रश्न विचारल्याशिवाय मी तुला सोडणार नाही. पत्र्यापेक्षा नळी बरी कशी? एवढं वजन भिंत पेलेल का? आणि बॉयलरजवळच्या खोलीला सगळी ऊब आणि टोकाच्या खोलीला ठणठणाट, असं होऊ नये म्हणून काय करणार? उत्तरं नीट लिही. नापास झालीस तर तुझ्या बाबांच्या, गिरीशरावांच्या, फोटोसमोर तक्रार करीन.

अलकामावशी


ल्यूकन
५ नोव्हेंबर

मावशी,

दिवाळी झाली. चकल्या आईने केल्या आणि तन्वीने त्या टोमॅटो केचपला लावून खाल्ल्या. आईने ते बघून तोंड फिरवलं, पण डबा तिच्या हाताला लागेल असा खालच्या प्रेसमध्ये ठेवला. इथे कपाटाला प्रेस म्हणतात, आणि आई आता बिनदिक्कत तसंच म्हणते.

तुझी प्रश्नपत्रिका सोडवते. पत्र्यापेक्षा नळ्यांना पृष्ठभाग जास्त मिळतो आणि आत पाणीही जास्त मावतं, त्यामुळे बॉयलर बंद झाला तरी ऊब बराच वेळ टिकते. मोठे घेतले तर पाणी फार उकळत ठेवावं लागत नाही. कोणत्या खोलीला किती नळ्या हे खिडक्या किती आणि बाहेरच्या भिंती किती त्यावरून काढतात. दुकानदार उष्णतेचा जो आकडा सांगतो तो खूप तापलेल्या पाण्यावरचा असतो, तेव्हा त्यावर जायचं नाही. भिंतीचं तू बरोबर ओळखलंस. बाहेरच्या भिंतींना आतून बोर्ड लावलाय, टकटक केलं तर पोकळ वाजतं. पाणी भरल्यावर हे प्रकरण भलतंच जड होतं. म्हणून जमिनीवर उभे राहणारे, पाय असलेले घेतले. आणि प्रत्येकाच्या एका टोकाला छोटा व्हॉल्व्ह असतो, तो कमी-जास्त पिळून प्लंबर सगळ्या खोल्यांना सारखं पाणी वाटून देतो. किती मार्क?

सुश्रुतला उंच, खांबासारखे आवडले. बाहेरच्या खोलीत तसे घेतले. आईच्या खोलीसाठी मात्र मी हट्टाने बुटका निवडला, गुडघ्याएवढ्या उंचीचा, खिडकीखाली बसणारा. त्याच्यासमोर तिची खुर्ची ठेवली की तळवे थेट नळ्यांना टेकवता येतील. असा मिळेपर्यंत मी कॅटलॉग सोडला नाही. आई म्हणाली, "काहून एवढा खटाटोप करून राहिली? मी काय कायमची आहे इथे?" मग रंग मात्र स्वतः निवडला. पांढरा दवाखान्यासारखा दिसतो म्हणाली आणि बदामी घ्यायला लावला.

तिला इथल्या डॉक्टरांकडेही नेऊन आणलं. साखर ठीक आहे. पाय बघू या म्हणाल्या, तर आई "ऑल गुड, ऑल गुड" म्हणत पदर सावरून उठलीच. डॉक्टर हसल्या, मीही हसले. तन्वी येताना गाडीत म्हणाली, "आजी, डोन्ट वरी, युअर फीट विल बी ग्रँड." ग्रँड म्हणजे इथे नुसतं ठीकठाक.

देवयानी


ल्यूकन
२४ नोव्हेंबर

मावशी,

झालं एकदाचं काम. प्लंबर डेक्लन नावाचा. सुश्रुत इथल्यासारखं बोलायला शिकलाय, सकाळपासून "युअर मॅन आला का, युअर मॅन आला का" चाललं होतं, म्हणजे 'तो गडी आला का'. युअर मॅनने आधी सगळं जुनं पाणी काढून टाकलं. शाईसारखं काळं होतं. इतकी वर्षं ते आपल्या घरात फिरत होतं! नव्या रेडिएटरची लांबी वेगळी, त्यामुळे गालिचा उचलून, खालच्या फळ्या काढून पाइप सरकवावे लागले. दिवसभर घरात शेगडी नाही की काही नाही, बाहेर वाऱ्याने थैमान घातलेलं. आई दोन स्वेटर आणि शाल घेऊन जिन्याच्या पायरीवर बसून राहिली. मी वर जा म्हटलं तर म्हणाली, "बघू दे ना गं, माझ्यासाठीच तर चाललंय."

संध्याकाळी पाणी भरलं. एवढीशी किल्ली असते, तिने प्रत्येकातली हवा काढायची. फुस्स करून हवा निघते आणि मग पाण्याचा थेंब आला की बंद करायचं. आईच्या खोलीतली हवा मी माझ्या हाताने काढली. मग एकेक नळी तापत गेली.

आईला खुर्चीत बसवलं. तिने चपला काढून मोज्यांसकट तळवे नळ्यांना टेकवले. मी विचारलं, "ऊब लागतेय का?" ती माझ्याकडे बघत राहिली आणि म्हणाली, "हो गं. छान वाटतंय." मावशी, मी बाथरूममध्ये जाऊन रडले. बाबांच्या वेळी मला काहीच करता आलं नव्हतं, मी विमानातच होते. या वेळी काहीतरी करता आलं.

आता रोज दुपारी ती तिथेच बसते. एकच घोळ आहे. खोलीतून उठताना पंखा बंद करावा तसा ती रेडिएटरचा व्हॉल्व्ह बंद करून येते. सांगून थकले. पण मार्चच्या तिकिटाचं नाव काढलेलं नाही, म्हणून मीही काही बोलत नाही.

देवयानी


ल्यूकन
४ डिसेंबर

ताई,

हे पत्र हाताने लिहून पोस्टाने पाठवतेय, तुला गंमत वाटेल. देवयानी ग्रँड कॅनाल डॉकला ऑफिसात, सुश्रुत क्लोनडॉकिनला कामावर, तन्वी शाळेत. घरी सगळे असले की फोनवर मनातलं बोलता येत नाही आणि एकटी असले तरी असलं काही फोनवर तोंडातून निघत नाही. इथली पोस्टाची पेटी हिरवी आहे, कोपऱ्यावरच. हळूहळू जाऊन टाकून येईन.

देवयानीने मला ऊब लागतेय का विचारलं, त्या दिवशी मला काहीच लागत नव्हतं. खरं सांगायचं तर गेली दोन-तीन वर्षं तळव्यांना धड काही कळतच नाही. नुसतं गार. तिकडे कडक उन्हातही गार. तिचा चेहरा बघितला आणि हो म्हणाले. मग वाटलं, नीट टेकवत नसेन. म्हणून घरी कुणी नसताना मोजे काढून टेकवायला लागले. बसल्या बसल्या डोळा लागायचा.

परवा मोजा काढताना ओला लागला. आरसा धरून बघितलं तर डाव्या तळव्याला, बोटांच्या खाली, फोड येऊन फुटलेला. करंगळी आणि तिच्याशेजारचं बोट काळपट दिसतंय. दुखत अजिबात नाही, तेव्हा तू घाबरू नकोस. हळद लावते, फडकं बांधते, वरून मोजा घालते.

देवयानीला यातलं काही सांगायचं नाही. पोरीने इतक्या हौसेने बसवलंय. मी आले त्या दिवसापासून ती माझ्यासाठी घरात काहीतरी दुरुस्तच करत असते. आता मीच बिघडलेय हे तिला कुठल्या तोंडाने सांगू? तिला कळलं तर ती जन्मभर स्वतःला दोष देईल. मार्चमध्ये मी येते तिकडे, थंडी सोसवत नाही म्हणून सांगेन. मग तू आणि मी डॉक्टरांना दाखवू. तुला माझ्या गळ्याची शपथ आहे ताई, माझ्या पायाबद्दल तिच्यापाशी अवाक्षर काढायचं नाहीस.

लीला


नागपूर
१९ डिसेंबर

देवयानी,

सहज लिहितेय. तुझ्या त्या नळ्यांबद्दल माझ्या काही शंका राहून गेल्या.

बॉयलरचं पाणी किती अंशांवर ठेवलंय? नळीला तळहात लावून किती वेळ ठेवता येतो? एकदा स्वतः ठेवून बघ. लीला अजून रोज तिथे बसते का? आणि डॉक्टरकडे तिला पुन्हा कधी नेणार? साखरेचं असतं तेव्हा माणसाला वरचेवर दाखवावं. उगाच लांबवू नकोस, नाताळच्या आधी वेळ मिळाली तर बघच.

मी बरी आहे. रात्री झोप जरा कमी येते, थंडीमुळे असेल. उत्तर लगेच लिही.

मावशी


ल्यूकन
२० डिसेंबर, सकाळ

मावशी,

तुझी मेल वाचून पहिल्यांदा हसू आलं आणि मग वाईट वाटलं. शंका तुझ्या नाहीत, आईच्या आहेत. तिने तुझ्याकडे तक्रार केली ना? मला तोंडावर "छान वाटतंय" म्हणते आणि तुला सांगते की तापत नाही. मला सांगितलं असतं तर मी काय खाल्लं असतं तिला?

तू म्हणालीस तसा आज उठल्या उठल्या, बॉयलर नुकताच लागला होता तेव्हा, तळहात ठेवून बघितला. खुशाल ठेवता आला, बराच वेळ. म्हणजे तिचं खरंच आहे, जेमतेम कोमट. रेडिएटर मोठे म्हणून आम्ही पाणी पंचावन्नवर ठेवलं होतं. आज सकाळी सुश्रुतने ते सत्तरवर नेलं. तिच्या खोलीतला व्हॉल्व्ह पूर्ण उघडलाय आणि त्याला हात लावायचा नाही म्हणून तिला बजावलंय. हल्ली ती घरातही जाड मोजे काढत नाही, त्यावरूनच मला कळायला हवं होतं.

डॉक्टरांची वेळ जानेवारीतली मिळालीय. आज ऑफिसात नाताळचं जेवण आहे, मग आम्हाला सुट्टीच. घर दिवसभर तापलेलं राहील. आता ती त्या खुर्चीतून उठायची नाही बघ.

देवयानी


नागपूर
२० डिसेंबर

देवयानी,

फोन उचल. किती वेळा लावतेय. सुश्रुतही उचलत नाही. लीलाला केला तर "मी मजेत आहे" म्हणून तिने ठेवून दिला.

हे वाचशील तिथून उठ आणि घरी जाऊन तिचे मोजे काढ. ती नको म्हणेल, रडेल, तरी काढ. डावा पाय, तळवा आणि शेवटची दोन बोटं. तिला त्या नळ्यांनी भाजलंय. तिला कळलं नाही, कारण तिच्या पायांना काहीच कळत नाही, गरम नाही की दुखणं नाही. अडीच आठवडे ती त्यावर हळद लावून फिरतेय. वेळ घेत बसू नकोस, सरळ हॉस्पिटलात ने. आणि आधी तो रेडिएटर बंद कर.

तिने मला तिच्या गळ्याची शपथ घातली होती. ती मी मोडली. जे व्हायचं ते मला होऊ दे.

मावशी


ल्यूकन
२९ डिसेंबर

मावशी,

आज लिहायला बसतेय. फोनवर मला तुझ्याशी नीट बोलता आलं नसतं.

तुझी मेल जेवणाच्या टेबलावर वाचली. कोट न घेता निघाले. घरी आले तर आई खुर्चीत, पाय नळ्यांना टेकलेले, हातात तन्वीसाठी विणायला घेतलेली टोपी. मी खाली बसून पाय धरला तर ती माझा हात ढकलायला लागली. "नको गं, पाय नको धरूस, घाण आहे." मोजा चिकटला होता. तो कोमट पाण्याने भिजवून सोडवावा लागला. तो वास अजून माझ्या नाकातून जात नाही.

डाव्या पायाची दोन बोटं काढली. पाय वाचला. डॉक्टर म्हणाले, जानेवारीपर्यंत थांबला असतात तर गुडघ्याखालून गेला असता, किंवा जंतू रक्तात पसरून ती स्वतःच. अजून सलाइनमधून औषधं चालू आहेत, पण ताप उतरलाय.

त्यांनी मला समजावून सांगितलं. साखरेने पायांचे मज्जातंतू खराब होतात. पाय गरम असला तरी मेंदूला तो गार असल्याचं सांगत राहतात. म्हणजे तिचे पाय गार नव्हतेच, मावशी. मी सगळं घर उकरलं, बारा रेडिएटर बदलले, आणि त्यातला एकही तिला ऊब देऊ शकला नसता. बुटका हवा म्हणून मी हट्ट धरला. तळवे टेकवता यावेत म्हणून.

मी तुझ्यावर रागावलेय. लपवत नाही. तू मला पाण्याचं तापमान विचारलंस! "पाय" हा एक शब्द लिहिला असतास तर मी त्याच दिवशी बघितला असता. त्याऐवजी मी सत्तरवर नेलं. थोडे दिवस मला फोन करू नकोस. आईची खबर सुश्रुत कळवेल.

देवयानी


नागपूर
२ जानेवारी २०२५

देवयानी,

फोन करणार नाही. या पत्राचं उत्तरही देऊ नकोस वाटल्यास.

तू रागावलीस ते बरोबर आहे. पत्र हातात पडलं तेव्हाच मी तुला सांगायला हवं होतं. वर्गात पोरी एकमेकींना शपथा घालायच्या तेव्हा मी त्यांना झापायचे, शपथेने कुणी मरत नसतं म्हणून. आणि लीलाच्या अक्षरात तिच्या गळ्याची शपथ वाचली तर मीच ती पाळायला निघाले. मला वाटलं, आडून विचारलं तर शपथही राहील आणि तिचा पायही. मी हुशारी केली, आणि ती तिच्या अंगाशी आली. याची टोचणी मला मरेपर्यंत लागून राहील.

पण एक सांगते, ते ऐक. तू जे बघितलंस ते खोटं नव्हतं. तुझे जुने रेडिएटर खाली गारच होते. तुझं घर गारच होतं. भर उन्हाळ्यातले मोजे मी बघितले आणि त्यावर विनोद केला. ते माझ्याकडून व्हायला नको होतं, तुला तर ते दिसलेही नव्हते. आणि लीला तुझ्या तोंडावर खोटं बोलली, तेही विसरू नकोस. ती आजारी आहे म्हणून तिला सगळं माफ करू नकोस, तिला ते आवडणार नाही. आपण तिघी एकमेकींना इतक्या जपत बसलो की पायाकडे बघायचं राहून गेलं.

आता तिला विचार, कुठे राहायचंय. खरंच विचार, आणि ती म्हणेल ते तिघींनी ऐकायचं. नागपूरला यायचं म्हणाली तर त्या फ्लॅटमध्ये नाही, माझ्याकडे, माझ्या खोलीत राहील. तिचे पाय रोज मी बघेन. माझे डोळे अजून शाबूत आहेत. आणि तुझ्याकडे राहीन म्हणाली तर मी अवाक्षर बोलणार नाही.

अलकामावशी


ल्यूकन
१९ जानेवारी

मावशी,

आई घरी आली. आज तुला मी स्वतः फोन करणार होते, पण हात धजावला नाही, म्हणून हे चार शब्द. राग गेला असं म्हणणार नाही, पण तो तुझ्या एकटीवरचा राहिलेला नाही. तू शपथ मोडलीस म्हणून मला आई आहे, हेही मला कळतं.

तुझ्या सांगण्याप्रमाणे तिला विचारलं. ती म्हणाली, "ताईला मी स्वतः लिहीन." मी तिला दोनदा विचारलेलं नाही.

देवयानी


ल्यूकन
९ फेब्रुवारी

ताई,

मार्चमध्ये मी येत नाही. तुला वाईट वाटेल, माहीत आहे. मलाही वाटतंय. तुझ्या खोलीत आपण दोघी, हे माझ्या मनात रोज येऊन जातं. पण मी इथे राहायचं ठरवलंय आणि ते देवयानीला सांगितलंय.

तू शपथ मोडलीस त्याचा मला आधी राग आला होता. हॉस्पिटलात नुसतं पडून राहायचं, तेव्हा विचार करायला वेळ खूप मिळाला. तुला मी ती घालायलाच नको होती. तुझ्या जिवाला घोर लावला आणि वर तुला बोलू दिलं नाही.

रेडिएटर आहे तिथेच आहे. देवयानी तो काढून फेकायला निघाली होती, मी काढू दिला नाही. सुश्रुतने त्याच्यापुढे लाकडी पट्ट्यांची जाळी बसवली आणि पाणी पुन्हा कमी तापवायला सुरुवात केली. माझी खुर्ची आता समोरच्या भिंतीला. खोली छान गरम असते. हाताला कळतं, तोंडाला कळतं. पाय मात्र गारच राहायचे, यावर औषध नाही म्हणाले.

नर्सने बजावलंय, दोन्ही पाय रोज बघायचे. तळवे, बोटांच्या मधली जागा, टाचा. मला वाकून दिसत नाही. मग देवयानी ऑफिसातून आली की हात धुते, माझ्यासमोर जमिनीवर बसते आणि पाय मांडीवर घेते. सुरुवातीला मी लाजेने अर्धी झाले. आईचे पाय असे पोरीच्या मांडीवर, मला बघवेना. मी रोज नको म्हणायचे आणि ती रोज घ्यायची. अजून एक बोट गमावायचं नसेल तर ही लाज सोडायला हवी, हे मला पटलं. आणि तिला हे दुसऱ्या कुणावर सोपवायचं नाहीये, हेही मला दिसलं. मी तिकडे आले तर ती इथे दिवसभर माझ्या पायांच्याच विचारात राहील.

काल ती पाय बघत होती तेव्हा मी तिला खरं ते सांगितलं. म्हटलं, "देवयानी, तुझा हात माझ्या पायाला कळत नाही गं. डोळे मिटले तर तू पाय धरलायस की नाही, हेही मला समजणार नाही. म्हणून मी सारखी तुझ्या हातांकडे बघत बसते." पाय बघून झाले होते, मोजे चढवायचे तेवढे राहिले होते. पण तिने हात काढला नाही, आणि मी बघत राहिले.

तुझी लीला